झिंगाटचं साल, म्हणजे डॉल्बीचं शेवटचं मोठं साल

2016 म्हटलं की लोकांना नोटाबंदी आठवते, पण सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात मंडळापुढं नाचलेल्या कुणालाही विचारा, तो झिंगाटचं साल म्हणूनच सांगेल. हे गाणं ज्यातलं, तो सैराट सिनेमा आला 29 एप्रिलला, म्हणजे ऐन लगीनसराईत, त्यामुळं त्या मे महिन्यात गाणं वाजलं नाही अशी हळद किंवा वरात आमच्याकडं तरी झाली नाही. थिएटरात पोरं खुर्च्या सोडून पडद्यापुढं नाचायला जायची. तिथनं 15 सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत साडेचार महिने एकच गाणं आणि तरी 'बदल रे' असं कोण म्हणालं नाही. कोंबडी पळाली 2006 ला गाजलं होतं, शांताबाई 2015 ला गाजलं, पण ती वाजायची हिंदीच्या मध्ये मध्ये. झिंगाटनं उलटं केलं, हिंदी गाणी त्याच्या मध्ये मध्ये वाजायला लागली.

त्यात गंमत अशी की याच सिनेमाच्या संगीतासाठी हॉलिवूडच्या स्टुडिओत अख्खा वाद्यवृंद बसवून रेकॉर्डिंग केलेलं, आणि आम्ही ते ऐकलं कशावर, तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या बेसवर, ज्यात व्हायोलिन वगैरे काही कळायचा प्रश्नच नाही, फक्त छातीत ठोका. त्याच वर्षी फेब्रुवारीत पोश्टर गर्लमधलं 'आवाज वाढव डीजे' आलेलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

त्याआधीचं सगळ्यांना माहीतच आहे, हलगी-लेझीम, मग बँजो, मग कॅसेटवरची लोकगीतं, मग सीडी. 2010 नंतर मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून घ्यायचा जमाना होता, आणि त्या कार्डात मूळ गाणं कमी आणि कुणातरी गाववाल्या डीजेनं मध्ये स्वतःचं नाव घुसवून केलेलं मिक्स जास्त. हा प्रकारसुद्धा 2016 लाच संपायला लागला, कारण गणपती बसले त्याच दिवशी, 5 सप्टेंबरला, जिओ सुरू झालं आणि डेटा फुकट झाला. कार्ड भरायला कोण जाणार मग.

आता मुख्य घोळ, डॉल्बी, म्हणजे मिरवणुकीत वाजतो तो मोठा साउंड सेट. हा शब्द आमच्याकडं कसा आला याचा माझा अंदाज असा की नव्वदच्या दशकात थिएटरबाहेर डॉल्बी साउंडचे बोर्ड लागायचे, त्यावरनं दणदणीत आवाज म्हणजे डॉल्बी असं लोकांनी धरलं. खरं बघायला गेलं तर डॉल्बी हे एका कंपनीचं नाव, 1965 ला सुरू झालेली, आणि तिनं नाव कमावलं ते टेपमधली खरखर कमी करायच्या तंत्रावर. म्हणजे गोंगाट कमी करणाऱ्याचं नाव आपण गोंगाटालाच दिलं. आणि जो सेट ट्रॉलीवर चढतो त्यात त्या कंपनीचं काहीच नसतं, लाकडी खोकी असतात, बेस म्हणजे जाड ठोक्याचे स्पीकर, टॉप म्हणजे वरच्या बारीक आवाजाचे, शिवाय अँप, मिक्सर आणि मागं जनरेटर. मुंबईकडं यालाच डीजे म्हणतात, माणूसही डीजे आणि खोकीही डीजे. पुण्यातले पेपरवाले 'स्पीकरच्या भिंती' लिहितात.

हे एवढं का सांगतोय, तर 'डॉल्बी बंदी' म्हणून जे गाजलं त्या बंदीचा जो मूळ कायदा आहे त्यात डॉल्बी हा शब्दच नाही. नियम आहेत 2000 सालचे, त्यात डेसिबल आहेत. रहिवासी भागात दिवसा 55, रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, पण वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, आणि ही सूट 2005 ला सुप्रीम कोर्टानं मान्य केली. आता दोन माणसं साधं बोलली तरी 60 च्या आसपास जातं. म्हणजे 55 चा आकडा तंतोतंत पाळायचा तर डॉल्बी सोडाच, ढोल-ताशाचं पथकही बसत नाही, ते तर सहज शंभराच्या वर जातं. पण पथकाला संस्कृती म्हणतात आणि डॉल्बीला धिंगाणा. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही.

तरी दुसरी बाजू आहे, नाही असं नाही. 2014 ला साताऱ्यात मिरवणुकीच्या वेळी भिंत पडून माणसं गेली, डॉल्बीच्या हादऱ्यानं पडली असंच सगळे बोलत होते. गल्लीत बाळंतीण असायची, हार्टचे पेशंट असायचे, त्यांना कोण विचारायचं? आम्ही तर नव्हतं विचारलं.

तर ऑगस्ट 2016 मध्ये, म्हणजे गणपतीच्या तोंडावर, मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल आला की लाउडस्पीकर लावणं हा कुठल्याच धर्माचा मूलभूत हक्क नाही. वर्षाच्या सुरुवातीला 'आवाज वाढव' आणि पावसाळ्यात 'कमी कर', असं ते साल. त्या गणपतीत बऱ्याच ठिकाणी वाजलं, केसेस पण झाल्या. पुढच्या वर्षी मात्र पोलिसांनी 'डॉल्बीमुक्त गणेशोत्सव' जोरात घेतला आणि मग तो प्रसिद्ध वाद सुरू झाला, 'दोन बेस दोन टॉप'. मंडळांचं म्हणणं, दोन बेस दोन टॉप लावले तर ती साधी साउंड सिस्टीम, डॉल्बी नव्हे. पोलिसांचं म्हणणं, डॉल्बी ती डॉल्बीच. शब्दाला व्याख्याच नाही तर भांडण मिटणार कसं? बैठकांवर बैठका झाल्या, शेवटी ज्याच्या त्याच्या ठाण्यावर ठरलं. यात सगळ्यात मेला तो साउंडवाला, कर्ज काढून बेस घेतलेले आणि घेतलेल्या सुपाऱ्या परत करायची वेळ.

सप्टेंबर 2018 ला साउंडवाल्यांच्या संघटनेनं हायकोर्टात दाद मागितली, विसर्जनाच्या दोन दिवस आधी कोर्टानं दिलासा नाकारला. आता परत वाजतंय म्हणा, वर लेझरचे दिवेही आलेत आणि भांडण कानांवरनं डोळ्यांवर गेलंय. झिंगाटचं हिंदीही झालं 2018 लाच, धडकमध्ये. वरातीत कुणी चुकून ते लावलं की मागनं आवाज येतो, 'ए, आपलं लाव.'