मानेतली चीर आणि सिस्टरचं शास्त्र

तिशीतल्या पोराला स्ट्रोक झाला असं सांगा, कोल्हापुरात निम्मे लोक म्हणतील, "काहीतरीच! वारं म्हातारपणी जातं." पन्नाशीच्या आतही स्ट्रोक होतो. रक्तदाब, तंबाखू, साखर ही कारणं आहेतच, पण त्यांवर पुष्कळ लिहून झालंय. मला अप्रूप आहे ते मानेतल्या धमनीचं.

धमनीच्या भिंतीला तीन थर. मान जोरात पिरगळली गेली, झटका बसला, कधी काहीच निमित्त नसताना, आतलं अस्तर चिरतं. दाबाखालचं रक्त चिरेतून थरांमध्ये घुसतं, भिंत आत फुगते, वाट अरुंद होते. उघड्या पडलेल्या थराला प्लेटलेट्स चिकटून गुठळी धरते. तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकला की स्ट्रोक. यात काही तास जातात, कधी दिवस. तोवर मान नुसती एका बाजूला दुखते, आणि आपण बाम चोळतो. गुठळीमुळे होणाऱ्या सगळ्या स्ट्रोकमध्ये या चिरेचा वाटा जेमतेम 2 टक्के. पन्नाशीच्या आत मात्र तो 20 टक्क्यांच्या आसपास जातो.

गंमत पुढे आहे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरॉटिड धमनीला बिलगून सिंपथेटिक नसांचं, म्हणजे पापणी उचलून धरणाऱ्या आणि बाहुली मोठी करणाऱ्या नसांचं, जाळं डोळ्याकडे चढतं. फुगलेल्या भिंतीने ते दाबलं की त्या बाजूची पापणी किंचित उतरते, बाहुली बारीक होते. बाहुली आकसवणाऱ्या पॅरासिंपथेटिक नसा कवटीच्या आतून वेगळ्या वाटेने येतात, म्हणून त्या शाबूत राहतात.

हा फरक आधी दिसण्याची शक्यता कुणाला जास्त? टॉर्च घेऊन पुन्हा पुन्हा बाहुल्या तपासणाऱ्या सिस्टरला. अशा निरीक्षणांचं संशोधन करणं हे परिचारिकेचं करिअर असू शकतं, आपल्याकडेही नर्सिंगमध्ये पीएच.डी. होते. ऑस्ट्रेलियात सँडी मिडलटन या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने 19 स्ट्रोक युनिट्स, म्हणजे स्ट्रोकच्या रुग्णांचे खास विभाग, अभ्यासाला घेतली. काही ठिकाणी ताप, साखर आणि गिळण्याची तपासणी परिचारिकांनी ठरलेल्या पद्धतीने सांभाळली. 2011 साली निकाल छापून आला: 90 दिवसांनी मृत किंवा परावलंबी रुग्ण तिथे 42 टक्के, बाकीच्या युनिट्समध्ये 58. नवं औषध एकही नव्हतं.

ते झालं उपचाराचं. प्रतिबंधाचं काम कोल्हापुरात करायचं तर सिस्टरने दवाखान्याबाहेर पडावं: तालमीत वस्तादांकडे, आणि दाढीनंतर कडकन मान मोडून देणाऱ्या सलूनमध्ये. धोका फार थोड्यांनाच असतो, पण त्या कडकन आवाजाने कुठलीही नस "मोकळी" होत नाही. लकव्यावर पारव्याचं रक्त चोळणाऱ्यांना तर हात जोडून सांगावं, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनला लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासच मिळतात, ते चोळण्यात घालवू नका. आणि केसपेपरवर तंबाखूच्या प्रश्नाखाली आणखी एक प्रश्न छापून घ्यावा: गेल्या महिन्याभरात मान कुणी मोडली, की कुस्तीत आवळली गेली?