गाजराची दोन घराणी

घरच्या बागेत गाजर लावणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. पाला गुडघ्याएवढा वाढला, पण उपटून पाहावं तर खाली करंगळीएवढं फिकट मूळ. नाहीतर गाजर भरायच्या आधीच मधून दांडा उभा राहिला आणि त्यावर पांढरा फुलोरा आला. दोष मातीला, खताला, पाण्याला दिला जातो. पुष्कळदा खरं कारण पाकिटातल्या बियाण्यात असतं. आपल्याकडे गाजराची दोन वेगळी घराणी नांदतात, देशी लाल आणि विलायती केशरी, आणि त्यांचं हवामानाशी नातं अगदी उलट आहे. ते असं का झालं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

खाण्यासाठी गाजराची लागवड पहिल्यांदा मध्य आशियात, आजच्या अफगाणिस्तान-इराणच्या पट्ट्यात सुरू झाली. साधारण दहाव्या शतकापासून तिचे उल्लेख मिळतात. ती गाजरं जांभळी आणि पिवळी होती, केशरी नव्हती. तिथून ती दोन दिशांना गेली. पूर्वेकडच्या वाटेवर, भारतात, लाल आणि काळसर जांभळी वाणं स्थिरावली. पश्चिमेकडे अरबांबरोबर ती स्पेनपर्यंत पोचली आणि तिथून युरोपभर पसरली.

केशरी रंग आला तो पश्चिम युरोपात, पिवळ्या गाजरांतून निवड होत होत. नेदरलँड्सच्या ऑरेंज राजघराण्याच्या सन्मानासाठी डच शेतकऱ्यांनी तो मुद्दाम घडवला, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. त्याला त्या काळातला पुरावा मिळत नाही. डच माळ्यांचं खरं काम त्या गोष्टीपेक्षा मोठं आहे. केशरी झाडं वेगळी काढून, त्यांचंच बी धरून, पिढ्यानपिढ्या त्यांनी हा रंग पक्का केला. अठराव्या शतकापर्यंत होर्न या डच गावाच्या नावाने ओळखली जाणारी आखूड आणि मध्यम लांबीची केशरी वाणं प्रसिद्ध झाली होती. 2023 साली सहाशेहून अधिक गाजरांच्या जनुकीय अभ्यासातून दिसलं, की केशरी रंग साठण्यासाठी तीन जनुकं निष्क्रिय व्हावी लागतात. हे सगळं त्या माळ्यांनी फक्त नजरेच्या जोरावर साधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पुढचा टप्पा फ्रान्सचा. कुंडीत गाजर लावणाऱ्यांनी खरे आभार मानायला हवेत ते पॅरिसच्या भाजीमळेवाल्यांचे. एकोणिसाव्या शतकात शहराला लागून त्यांचे मळे होते. जागा थोडी, भाव चांगला, त्यामुळे त्यांना लवकर तयार होणारी, उथळ मातीत बसणारी गाजरं हवी होती. घोड्यांच्या लिदीचा थर कुजताना ऊब देतो. त्यावर माती पसरून आणि वर काच झाकून ते थंडीतही भाजी काढत. ‘पॅरिस मार्केट’ नावाचं लहान, गोल गाजर त्यातूनच पुढे आलं. सहा इंच माती असलेल्या कुंडीतही ते नीट भरतं. नांत शहराच्या नावाचं ‘नँटीस’ वाण फ्रान्समधलंच: टोकाला बोथट, सगळीकडे सारख्या जाडीचं, मधला गाभा जवळजवळ न जाणवणारं. आज जगभर घरबागेत या गटातलं गाजर आवडीने लावलं जातं.

महाराष्ट्रात या विलायती भाज्यांना जागा मिळाली ती महाबळेश्वरात. गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, 1828 च्या सुमारास, तिथे इंग्रजांचं थंड हवेचं ठाणं वसलं. पुढच्या काही वर्षांत पूर्वेकडच्या वसाहतींतून आणलेल्या चिनी आणि मलायी कैद्यांसाठी तिथे तुरुंग झाला. हा तुरुंग 1864 मध्ये बंद झाला, पण तोवर या कैद्यांनी रस्ते बांधले आणि बटाट्यासह इंग्रजी भाज्यांचे मळे फुलवले. महाबळेश्वरच्या शेतीच्या इतिहासात स्ट्रॉबेरीचं कौतुक भरपूर होतं. या माणसांचं नाव फार कमी घेतलं जातं, ते घ्यायला हवं. आज तिथल्या बाजारात पाल्यासकट बांधलेल्या गाजरांच्या जुड्या दिसतात. साडेचार हजार फुटांवरची थंड हवा आणि भुसभुशीत लाल माती विलायती गाजराला मानवली.

मैदानात मात्र अडचण होती. विलायती गाजर दोन वर्षांचं झाड आहे: पहिल्या वर्षी मूळ भरतं, मग काही आठवडे कडाक्याची थंडी मिळाली तरच फुलतं. त्यामुळे त्याचं बी आपल्याकडे थंड डोंगराळ भागातच धरता येतं. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं कुलू खोऱ्यातलं कटराईन केंद्र त्यासाठीच महत्त्वाचं. देशी लाल गाजराला तेवढी थंडी लागत नाही. ते उन्हाळी ऊब जास्त सोसतं आणि मैदानात सहज बी देतं. दिल्लीच्या याच संस्थेने दोन्ही घराणी जोडली: देशी लाल आणि ‘नँटीस हाफ लाँग’ यांच्या संकरातून ‘पुसा केसर’ हे वाण आलं. पुढे लालभडक ‘पुसा रुधिरा’, काळं ‘पुसा असिता’ आणि दमट उकाडा सोसणारं ‘पुसा वृष्टी’ अशी वाणं मिळाली.

आता त्या दोन तक्रारींकडे पाहा. ऑगस्टच्या उकाड्यात पेरलेलं नँटीस पाला वाढवतं. त्याचा रंग आणि आकार उत्तम येतो तो 15 ते 20 अंशांत. म्हणून पुणे-नाशिककडे त्याची पेरणी ऑक्टोबरअखेरीस किंवा नोव्हेंबरात बरी. उलट देशी लाल उशिरा, डिसेंबरात पेरलं तर कोवळ्या रोपालाच थंडी लागते आणि ते लगेच दांडा काढतं. ते ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान जमिनीत गेलेलं चांगलं.

बाकी रीत दोघांची एकच. रोपं करून पुनर्लागण करू नये. सोटमूळ पहिल्या काही आठवड्यांतच खाली जातं, टोक दुखावलं की गाजराला फाटे फुटतात. ताजं शेणखत नको, खडे नकोत. बी उगवायला आठवडा ते तीन आठवडे लागतात. तोवर वरचा थर सुकू द्यायचा नाही, ओलं गोणपाट घालावं आणि कोंब दिसताच काढावं. रोपं बोटभर झाली की दोन इंचांवर विरळणी करावी. हीच पायरी सर्वाधिक टाळली जाते, कारण जिवंत रोप उपटवत नाही.

देशी लाल लावलं असेल तर सगळी गाजरं काढू नयेत. सर्वात सरळ आणि रंगाने पक्की अशी चार-पाच निवडून, पाला थोडा ठेवून, पुन्हा मातीत लावावीत. मधमाश्या शेजारच्या वाणाचा परागही आणतात, म्हणून त्या हंगामात जवळ दुसरं गाजर फुलू देऊ नये. उन्हाळ्यात फुलोरा तपकिरी होऊन आत वळला की बी हातावर चोळून वाळवायचं आणि पुढच्या ऑगस्टला वापरायचं. फार दिवस ठेवलं तर उगवण घटते.