नागपूर चोवीस लाखांचं, नमुना चारशेंचा

माझी भाची नागपुरात एमबीए करते. प्रोजेक्टचा विषय आहे, शहरातली किती माणसं किराणा मोबाइलवरून मागवतात. परवा रडवेल्या चेहऱ्यानं आली. ‘‘मामा, सर म्हणून राहिले का नमुना लोकसंख्येच्या दहा टक्के तरी पाह्यजे. दोन लाख चाळीस हजार फॉर्म कुठून भरून आणू?’’ २०११च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं, म्हणजे तिचा गुणाकार बरोबर. दहा टक्क्यांचा नियम मात्र चूक आहे, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या गळ्यात मारला जातो याचा मला राग येतो.

तिला म्हटलं, चारशे पुरतात. माणसाचं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणजे नाण्याचा छापा-काटाच समज. नाणं ४०० वेळा उडव. छापे २००च्या आसपास पडतील. १८०च्या खाली किंवा २२०च्या वर जाण्याची वेळ विसातून एखादीच. म्हणजे ४००त २० इकडेतिकडे, पाच टक्के. आता १६०० वेळा उडव. फरक चौपट होऊन ८० व्हायला हवा ना? होतो फक्त ४०, म्हणजे अडीच टक्के. ४००चं वर्गमूळ २०, १६००चं ४०. हे वर्गमूळ येतं कुठून? प्रत्येक फेक आपल्याला डावीकडे किंवा उजवीकडे एक पाऊल ढकलते. मागच्या फेकीचा पुढचीशी संबंध नसतो, त्यामुळे पावलं एकमेकांना बरीचशी खोडतात. बेरीज होते ती पावलांच्या वर्गांची. काटकोन त्रिकोणात ३ आणि ४ मिळून कर्ण ७ होत नाही, ५ होतो, तसंच हे.

या हिशेबात २४ लाख कुठेच आले नाहीत. शितावरून भाताची परीक्षा करताना पातेलं केवढं हे कुणी विचारत नाही. गाव दोन हजारांचंच असेल तर चूक किंचित कमी होते, इतकंच.

हेच वर्गमूळ अंधश्रद्धाही तपासतं. २००८ साली जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या. हुशार मूल कोणतं, मतिमंद कोणतं, एवढंच सांगायचं. नुसत्या नशिबानं २० जमतात; ४०चं वर्गमूळ साधारण ६, म्हणजे फार तर २६. २७ ज्योतिष्यांची सरासरी ४६ टक्के निघाली.

पण शीत पातेल्यातून कुठूनही उचललेलं हवं. १९३६ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकानं कुणाला मत देणार हे विचारायला टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून कोटभर पत्रं पाठवली. सुमारे २४ लाख उत्तरं आली, जवळजवळ अख्खं नागपूर. अंदाज लँडन जिंकतील असा होता. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यांत जिंकले. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार खात्यापित्या घरांतच होत्या. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा ढीग घेणारा जाणता व्यापारी वरची चकचकीत फळं बाजूला सारून तळाशी हात घालतो, तो याचसाठी.

भाचीनं व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकून ३८० उत्तरं आधीच गोळा केली होती, सगळी तिच्याच वयाच्या मित्रमैत्रिणींची. ती तिनं बाजूला ठेवली. मतदारयादीतून यदृच्छ, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या आकड्यांनी नावं काढली. पहिलंच घर पारडीत निघालं, आणि दाराला कुलूप. शेजारचं घर घेऊ का, तिनं फोनवर विचारलं. नको म्हटलं, तसं केलं तर दिवसभर घरी असणारीच माणसं यादीत जमतील. संध्याकाळी ती पुन्हा गेली.