वंशावळी हौसेच्या नव्हत्या

घराण्याचा इतिहास शोधायला निघालेला माणूस बहुधा आधी आजीची ट्रंक उघडतो. लग्नपत्रिका, दोन-चार फोटो, एखादं खरेदीखत. तीन-चार पिढ्यांपलीकडचं क्वचितच काही हाती लागतं. आपल्याकडे वंशावळ हौसेनं फारशी कुणी लिहिली नाही. हक्क सांगायची वेळ आली की ती लिहिली जायची.

पाटीलकीचा, देशमुखीचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे भाऊबंद आणि गावकऱ्यांच्या न्यायसभेपुढे गेला की मूळ पुरुष कोण, वतन कुणी दिलं, भावाभावांत वाटण्या कशा झाल्या, हे सगळं सांगावं लागे. या लेखी हकीकतीला करीना म्हणत, आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निकालपत्र होई. करीना एकाच बाजूची, तेव्हा प्रतिपक्षाचा पूर्वज त्यात लबाड निघाला तर नवल मानू नये! पण घरोघरच्या अशा दप्तरांतच मोठा इतिहास दडलेला होता. कारीच्या जेधे देशमुखांनी जपलेली शकावली, म्हणजे सालवार घटनांची नोंद, लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्माची फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी पुढे आली.

इंग्रजी अमलात सारामाफ इनाम जमिनींचे हक्क तपासणारं इनाम कमिशन आलं. १८५२ च्या कायद्यानं त्याला अधिकार मिळाले आणि इनामदारांना सनदा, वंशावळी घेऊन दारात उभं राहावं लागलं. पुरावा पटला नाही की जमिनीवर सारा बसे. अनेकांची इनामं गेली. कागद मात्र सरकारदरबारी राहिले. पुण्याच्या पुराभिलेखागारात ते आहेत, बहुतेक मोडी लिपीत.

वतन नसलेल्यांची नावं दुसरीकडे पाहावीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावरून नामावळीची वही निघते. सांगली-कोल्हापूरकडे हेळवी, म्हणजे वंशावळ सांगणारे भटके लोक, येऊन कुळाची नावं वाचून दाखवतात नि धान्य घेऊन जातात.

शिवाय गावच्या जन्ममृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल बुक. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी सरसकट १ जून टाकलेला असला, तरी जन्माची खरी तारीख इथे सापडू शकते. ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणून या नोंदींची विचारपूस आधीपासून होतीच. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. कारण पुन्हा तेच, हक्काचं.

या सगळ्यात बायका जवळजवळ नाहीत. वतन मुलाकडे जाई, म्हणून मुलाचंच नाव लिहिलं जाई. त्यात सुनेचं नाव लग्नात बदललेलं. पणजीच्या माहेराचा माग काढायचा तर माळ्यावरची पितळी भांडी खाली काढावीत. आहेरातल्या पातेल्याच्या काठावर देणाऱ्याचं नाव ठोकून घातलेलं असतं, कधी गाव आणि तारीखही.