जास्त जीबी म्हणजे वेगवान ग्राफिक्स कार्ड? नाही

‘चार जीबीचं कार्ड आहे, कुठलाही गेम पळेल.’ दुकानात हे अजून सर्रास सांगतात आणि पोरांनी महिनोन्‌महिने साठवलेले पैसे त्यात जातात. जीबी म्हणजे कार्डाच्या मेमरीतली जागा. ती कमी पडली तर गेम अडतो हे खरं, पण जागा म्हणजे वेग नव्हे.

उदाहरणादाखल एनव्हिडिया कंपनीचं जीटी 1030 हे कार्ड बघा. 2017 साली ते जीडीडीआर5 मेमरीसह (खास ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी) आलं, 2018 मध्ये त्याच नावानं डीडीआर4वालं (कॉम्प्युटरची साधी मेमरी). दोन्ही 2 जीबीचीच! पण पहिल्याची मेमरी सेकंदाला 48 जीबी डेटा हलवते, दुसऱ्याची जेमतेम 17. डीडीआर3 मेमरीचं 4 जीबीवालं जुनं जीटी 730 तर त्या पहिल्या कार्डापुढे टिकतच नाही.

खोक्यावर डीडीआरच्या आधी ‘जी’ दिसत नसेल, तर पैसे काढू नका.