स्तनाचा कर्करोग आणि प्रजननक्षमतेचे जतन

स्तनाचा कर्करोग झालेल्या तरुण स्त्रीला पुढे मूल होण्याची शक्यता राहावी म्हणून केमोथेरपीआधी तिची स्त्रीबीजे, भ्रूण किंवा बीजांडकोशाचा तुकडा गोठवून ठेवतात. सायक्लोफॉस्फामाइडसारख्या औषधांनी बीजांडकोशातला स्त्रीबीजांचा साठा घटतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीला धोका जास्त, पण पंचविशीतलीही त्यातून पूर्ण सुटत नाही. केमोनंतर पाळी परत आली म्हणजे साठा शाबूत आहे, असे समजू नये.

हा विषय डॉक्टरांनीच काढायला हवा. गाठीच्या धसक्यात असलेली मुलगी, शेजारी वडील किंवा सासू बसलेली असताना, तो स्वतःहून काढत नाही. लग्न न झालेल्या मुलीला तर बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. बायोप्सीचा अहवाल आल्या दिवशीच तिच्याशी एकटीशी बोलून एएमएच (स्त्रीबीजांचा साठा दाखवणारी रक्ताची) तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यावी.

मराठवाड्यात खरी अडचण अंतराची आहे. कर्करोगाचे उपचार छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, धाराशिव-लातूरकडच्या अनेकींचे बार्शीला. टेस्ट ट्यूब बेबी केंद्र मात्र निराळेच. दोन्हींकडच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी फोनवर बोलावे. ‘योग्य सल्ला द्यावा’ एवढ्या मजकुराची चिठ्ठी कामाची नाही. तिच्यात रिसेप्टरचा अहवाल (गाठ हार्मोनवर वाढते का, म्हणजे हार्मोन-पॉझिटिव्ह आहे का ते), ठरलेली औषधे आणि केमोची पहिली तारीख हवी.

पाळीची वाट पाहावी लागत नाही. कोणत्याही दिवशी सुरुवात करता येते. साधारण 10 ते 14 दिवस रोज एफएसएचची (बीजे वाढवणाऱ्या हार्मोनची) इंजेक्शने, सोबत लेट्रोझोल 5 मिलिग्रॅम. इंजेक्शनांमुळे वाढणारे इस्ट्रोजेन लेट्रोझोल दाबून ठेवते, म्हणून हार्मोन-पॉझिटिव्ह गाठीतही हा मार्ग वापरतात. एक-दोन दिवसांआड सोनोग्राफी लागत असल्याने परभणी-हिंगोलीच्या रुग्णाने रोज एसटीने ये-जा करण्यापेक्षा तेवढे दिवस शहरात नातेवाइकांकडे राहावे. फ्रिजमध्ये ठेवायची इंजेक्शने 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजेत. उन्हात तापली तर निकामी, बर्फाला थेट टेकून गोठली तरी निकामी.

शेवटच्या, बीजे पक्व करणाऱ्या ट्रिगर इंजेक्शनची वेळ काटेकोर पाळावी लागते. रात्री 10 ला घेतले तर तिसऱ्या दिवशी सकाळी 9 च्या सुमारास, म्हणजे 35 तासांनी, भूल देऊन सुईने बीजे काढतात. ट्रिगर उशिरा घेतला तर बीजे कच्ची राहतात. काढायला उशीर झाला तर ती आधीच बीजांडकोशातून सुटून हातची जातात. ट्रिगरसाठी एचसीजी या हार्मोनऐवजी जीएनआरएच ॲगोनिस्ट प्रकारचे औषध वापरावे. एचसीजीने पोटात पाणी साठण्याचा धोका वाढतो आणि केमो लांबते. बीजे उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतात. सगळे सुरळीत झाले तर काही दिवसांतच केमो सुरू करता येते.

भ्रूणासाठी पतीचे शुक्राणू आणि दोघांची लेखी संमती लागते. अविवाहित मुलीची सोनोग्राफी योनीमार्गाऐवजी पोटावरून करता येते, हे घरच्यांना आधीच सांगावे.

वेळच नसेल तर बीजांडकोशाचा तुकडा दुर्बिणीतून काढता येतो, पण ही सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच आहे. बीजांडकोशाला विश्रांती देणारे गोसेरेलिनचे इंजेक्शन 3.6 मिलिग्रॅम पोटाच्या कातडीखाली, केमोआधी किमान आठवडाभर आणि मग दर 28 दिवसांनी देतात. ते साठ्याला काही संरक्षण देते. बीजे गोठवण्याला मात्र पर्याय नाही.

उपचारांत गर्भनिरोधनासाठी तांबी किंवा निरोध. हार्मोनच्या गोळ्या नकोत. ‘पॉझिटिव्ह’ अभ्यासात (2023) स्त्रियांनी 18 ते 30 महिने हार्मोन-उपचार घेऊन गरोदरपणासाठी 2 वर्षांपर्यंत थांबवला. त्या काळात कर्करोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. टॅमॉक्सिफेन (हार्मोन-उपचाराची गोळी) बंद केल्यावर 3 महिने थांबावे लागते.

2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार भ्रूण 10 वर्षांपर्यंतच ठेवता येतात. साठवणीचे शुल्क वेगळे असते. केंद्राची पावती कर्करोगाच्या फाइलमध्येच ठेवावी आणि फोन नंबर बदलला तर केंद्राला कळवावे.