थायमॉल की कार्व्हाक्रॉल?

ओव्याच्या तेलाची बाटली रात्रभर गारठ्यात राहिली, की सकाळी तळाशी बिनरंगी खडे जमलेले दिसतात. ते थायमॉल, तेलातला उग्र वासाचा, जिवाणूंना मारक घटक. ओरेगॅनोचं तेल तसंच ठेवलं तरी एरवी पातळच राहतं, कारण त्यात बहुतेक वेळा थायमॉलच्या भावंडाचा, कार्व्हाक्रॉलचा, भरणा असतो. वास दोघांचा इतका जवळचा, की नुसत्या नाकाच्या भरवशावर भलेभले फसतात.

फसणं साहजिकही आहे. दोन्ही रेणूंत १० कार्बन, १४ हायड्रोजन आणि १ ऑक्सिजन. सांगाडाही तोच: सहा कार्बनांचं कडं, एका टोकाला मिथिल गट (एका कार्बनाचा), बरोबर समोर आयसोप्रोपिल गट (तीन कार्बनांचा). हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) थायमॉलमध्ये आयसोप्रोपिलच्या शेजारी बसतो, कार्व्हाक्रॉलमध्ये मिथिलच्या. बस्स, एवढाच फरक. पण तेवढ्यानं थायमॉल वितळायला साधारण ५० अंश सेल्सिअस लागतात आणि कार्व्हाक्रॉल शून्याच्या आसपासच वितळतं. प्रयोगशाळेत वस्तुमान वर्णपट (रेणूच्या तुकड्यांच्या वजनांचा आलेख) काढला तर तोही जवळजवळ सारखाच येतो. मग गॅस क्रोमॅटोग्राफच्या (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या) नळीतून कोण किती वेळानं बाहेर पडलं, यावरून निवाडा करायचा.

जिवाणूंना मात्र या शेजाराचं फारसं सोयरसुतक नाही. दोन्ही रेणू पेशीच्या पटलात (पातळ आवरणात) घुसतात, पटल गळकं होतं, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि ज्या हायड्रोजन आयनांच्या दाबावर पेशी ऊर्जा बनवते तो दाबच उतरतो. खरी मेख हायड्रॉक्सिल गटात आहे, आणि त्याची साक्ष याच तेलांत सापडते. पॅरा-सायमीन म्हणजे तोच सांगाडा, फक्त हायड्रॉक्सिल नाही. एकटं असताना ते जिवाणूंचं फारसं काही बिघडवत नाही. पण ते पटल फुगवतं, आणि मग कार्व्हाक्रॉलला आत शिरणं सोपं जातं. त्यामुळे मुख्य घटकाची टक्केवारी बघून तेलाची ताकद जोखणं मला तरी अर्धवट वाटतं.

दोघं हरतात तीही एकाच दारात. ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, ते या रेणूंना अडवतं. त्याच गटातला स्यूडोमोनास एरुजिनोसा तर या तेलांना सहसा दाद देत नाही.

थाळीतल्या चाचणीचे आकडेही जपून वाचावेत. तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून अगारमध्ये (जिवाणू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाही आणि तेलात भिजवलेल्या कागदी चकतीभोवतीचं जिवाणू न वाढलेलं मोकळं वर्तुळ लहान दिसू शकतं. उलट स्निग्ध पदार्थात तेल चरबीतच अडकतं, तिथे मात्रा वाढवावी लागते. निव्वळ तेल त्वचेवर लावलं तर आग होते, ती दोघांचीही.

राहिला बाटलीवरच्या नावाचा घोळ. थाइम या सुगंधी वनस्पतीच्या एकाच जातीत काही रोपं थायमॉल जास्त बनवतात, काही कार्व्हाक्रॉल, तर काही चक्क लिनालूल, जे फिनॉलच (कड्याला थेट हायड्रॉक्सिल जोडलेला रेणू) नव्हे. ओरेगॅनो हे नावही वेगवेगळ्या कुळांतल्या वनस्पतींना लावतात. म्हणून नुसतं ‘थाइमचं तेल’ वाचून थांबू नये, सोबत घटकांचा तपासणी अहवाल मागावा.